एस्केपनंतरचा अर्धा सेकंद

"टेबल हलवू नकोस. हे शेवटचंच पुस्तक आहे. चार वाजता प्रकाशकांचा माणूस येऊन सगळं परत घेऊन जाईल," ताई म्हणाली.

धाकटा भाऊ टेबलाखाली वाकून सैल झालेली वायर शोधत होता. तसाच थांबला. "शेवटचं म्हणजे?"

"म्हणजे शेवटचं. प्रकाशकांना कळवलंय. हात गेलाय माझा."

ताई पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या शब्दसूच्या करते. अठ्ठावीस वर्षं. कोणता शब्द कुठल्या पानावर, एवढंच काम. धाकट्याने कॉलेजात असताना लिहिलेल्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकुरावर काम करायच्या प्रोग्राममध्ये, करते. शब्दावर जायचं, एस्केप दाबायचं, मग स. शब्दावर खूण होते. दिवसाला पाचशे खुणा.

सात महिन्यांपूर्वी तिचं मनगट मोडलं, जुळलं. तेव्हापासून कधी खूण व्हायची, कधी मजकुरातच स उमटायचा. मागच्या पुस्तकात असे अकरा स छापून आले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय हाडांचा डॉक्टर आहेस?"

त्याने तिला खुर्चीत बसवलं. "थोड्या खुणा कर. मी फक्त कळांच्या वेळा बघतो."

एस्केप. ७१०. स. मजकुरात स.
एस्केप. ४६०. स. खूण.
एस्केप. ६९०. स. मजकुरात स.
एस्केप. ५२०. स. मजकुरात स.

आकडे सेकंदाच्या हजाराव्या भागात. ताई बॅकस्पेस दाबून तिन्ही स पुसत राहिली. सवयीने.

(मध्येच सांगायला हवं. बाणाची कळ दाबली की एडिटरला एक नाही, तीन चिन्हं येतात, आणि त्यांतलं पहिलं एस्केपच असतं. त्यामुळे एस्केप आलं की एडिटर पेचात पडतो: हे नुसतं एस्केप, की मागून आणखी काही येतंय? पूर्वी तो पुढची कळ येईपर्यंत थांबायचा. मग लोकांच्या तक्रारी आल्या. एस्केप दाबलं तरी ढिम्म. एका सिस्टिमवर हे, दुसरीवर ते. धाकट्याने तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कळा वाचायचं काम नव्याने लिहिलं आणि ठरवलं, ५०० थांबायचं, मग एस्केप सोडून द्यायचं; त्यानंतर आलेला स म्हणजे नुसतं अक्षर. सात महिन्यांपूर्वी, एका रविवारी. ५०० का? आकडा गोल होता.)

"ताई, हात नाही. मी."

त्याने समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सात महिने मी या हाताला बोल लावतेय. गरम पाण्यात बुडवला, रबरी चेंडू दाबला. आणि तुझा अर्धा सेकंद."

"हो."

"आधी मला किती वेळ लागायचा?"

दहा वर्षांपूर्वी चाचणीसाठी त्याने तिच्याच कळा नोंदवल्या होत्या. फाइल अजून होती. "असाच, थोडाफार."

"खोटं बोलताना तू अजून कान चोळतोस."

"एकशे ऐंशी."

ताईने मान हलवली. "म्हणजे हातही गेलाय."

"थोडा."

"आणि थोडा तू."

"तुझ्यापुरती मर्यादा काढून टाकतो. वेगळी सेटिंग देतो."

"माझ्यापुरती नको. मागचा दरवाजा नकोय मला. सगळ्यांची काढ."

"मग नुसतं एस्केप हवं असेल त्यांना ते दोनदा दाबावं लागेल. शिव्या घालतील मला."

"घालू देत. बोटं चांगली आहेत त्यांची."

तो लॅपटॉप उघडून तिच्या शेजारी बसला. पहिल्या सिस्टिमवर जमलं. दुसरीवर जमलं. तिसरीवर बाण दाबला तर कंस आणि ए उमटले. पुन्हा केलं. मग बाण बाणासारखे चालले. बदलाच्या टिपणात त्याने लिहिलं: एस्केपनंतरची मर्यादा काढली, हळू टाइप करणाऱ्यांसाठी.

ताई मागून वाचत होती. "'हळू' हा शब्द खोड."

त्याने खोडलं.

चार वाजता बेल वाजली.

"काय सांगू त्याला?"

"पुस्तक तयार नाही म्हणावं. सोमवारी ये."

"आणि प्रकाशक?"

"ते मी बघते."

तो सांगून परत आला तेव्हा तिने एडिटरची नवी आवृत्ती उघडली होती. एका शब्दावर जाऊन एस्केप दाबलं. बोट हवेतच राहिलं. धाकटा त्या बोटाकडे बघत राहिला.

"असा टक लावून बघू नकोस रे," ती म्हणाली.

तो भिंतीकडे वळला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. बऱ्याच वेळाने मागे दुसरी कळ वाजली.