पडद्यामागची टुण

पडद्यामागून टुण असा आवाज आला आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आली पोरगी एकदाची.

नाही. आधी पोरगी कोण ते सांगायला हवं.

शिंपिणीची मुलगी. मास्तर कोट आखूड करायला गेले, मागच्या खोलीतून व्हायोलिन ऐकू आलं, आणि कोट राहिला हातातच. त्यांनी तिला शिकवायला घेतलं, स्वतःचं जुनं व्हायोलिन दिलं. तक्रार एकच. सुरू करण्याआधी ती अंगठ्याने एक तार छेडायची. टुण.

"दार कशाला वाजवतेस?" मास्तर म्हणायचे. "आतच आहेस की तू."

आता पडदा. वाजवणारा कोण ते परीक्षकांना दिसू नये म्हणून लावलेला. संगीतशाळेत जागा एक, परीक्षक दोघं: मास्तर आणि सेलोवाल्या बाई. शिष्या परीक्षेला बसलेली, तेव्हा खरं तर मास्तरांनी बाजूला व्हायला हवं होतं. पण पडदा असताना कसला पक्षपात, असं त्यांनीच सगळ्यांच्या गळी उतरवलं. मनात मात्र ती टुण धरून बसले.

टुणच्या आधी एक वादन झालं होतं. ते संपल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "हीच."

मास्तरांच्याही अंगावर काटा आला होता. म्हणून तर ते धास्तावले. मग आपल्या पोरीचं काय?

"हात तयार आहे," ते म्हणाले, "पण घोटून घेतल्यासारखं वाटतं."

"घोटलेलं नाही हो, मुरलेलं आहे."

मास्तरांनी इतका कीस काढला की बाई कंटाळल्या. मग टुण. मग बेताचं वादन. घाबरली असेल बिचारी, असं म्हणत मास्तरांनी तिचंच घोडं पुढे दामटलं. बाईंनी मान डोलावली.

पडदा सरला. समोर कुणीतरी अनोळखी तरुण, घाम पुसत.

बाहेर बाकावर पोरगी. मांडीवर मास्तरांचं व्हायोलिन. अर्धं आयुष्य हनुवटीखाली धरलेलं, आणि आज कानाला ओळखू आलं नाही.

"मास्तर, आज मी तार छेडली नाही. कळलं ना तुम्हाला?"

मास्तर आले तसे मागे फिरले. बाईंना सगळं सांगितलं, टुणसकट. सांगताना नजर पायपुसण्यावर.

बाई म्हणाल्या, "आता ती तुमची निघाली म्हणून आलात. दुसऱ्या कुणाची असती तर?"

बाईंनी दाराकडे बोट केलं.

"बाहेर थांबा. ठरवते मी एकटी."

बाकावर पोरीने सरकून त्यांच्यासाठी जागा केली. मास्तर उभेच राहिले.