बावीस घरांची लाइन

कंपनीची दुसरी ताकीद आली तेव्हा मिताली बाबांना भरवत होती. महिन्याभरात तिचं कनेक्शन कामाच्या वेळेत अकरा वेळा तुटलं होतं. आणखी एकदा असं झालं तर घरून काम करायची सवलत बंद, ऑफिसला रोज हजर व्हायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ती विमा कंपनीसाठी हॉस्पिटलांची बिलं तपासायची, शनिवारीसुद्धा. बाबांना, अविनाशरावांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, वाचा मात्र बरीचशी परत आली. लग्न मोडल्यावर ती त्यांच्याकडेच राहायला आली होती आणि आता त्यांचं सगळं तिच्यावरच होतं. ऑफिसला जायचं तर त्यांना कुणाच्या भरवशावर ठेवणार?

ते राहायचे त्या सोसायटीत बावीस बैठी घरं होती, पनवेलपासून नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराखाली, तलावाच्या अगदी काठाला. चौदा घरं फक्त शनिवार-रविवारी उघडत. उरलेल्या आठांत निवृत्त माणसं. जाहिरातीत तलाव होता, डोंगर होता, शुद्ध हवा होती. इंटरनेटचा उल्लेख नव्हता, आणि घर घेताना अविनाशरावांना त्याबद्दल विचारायचं सुचलंही नव्हतं.

मितालीने सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजीत यांच्याकडे तक्रार केली. औषध कंपनीत आयुष्यभर माणसं हाताळलेला तो गृहस्थ. म्हणाला, "तुलाच सगळ्यात जास्त गरज आहे, तर तूच शोध ना. काय काय मिळतं बघ, तुलना कर, मीटिंगमध्ये मांड. सगळ्यांनी मिळून एकच घेऊ."

तिने ते काम मनावर घेतलं. एका मोठ्या कंपनीचा बिनतारी बॉक्स होता. तो तिने पंधरा दिवस उसना आणून लावला. सोमवारी उत्तम चालायचा. शनिवारी सगळी घरं उघडली, सगळ्यांचे फोन आणि टीव्ही सुरू झाले की स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत बसायचं. दुसरा पर्याय गच्चीवर डिश बसवून उपग्रहावरून घेण्याचा. तो महागही होता आणि निम्म्या घरांवर जांभळांच्या फांद्या आल्या होत्या. आकाश मोकळं मिळायला झाडं तोडावी लागली असती. मिताली मोबाइल हातात घेऊन सकाळ, दुपार, संध्याकाळ बावीसही घरांपुढे उभी राहायची आणि इंटरनेटच्या वेगाचे आकडे वहीत उतरवायची. लोकांना वाटायचं हिला काहीतरी झालंय.

तिसरा पर्याय तिला गावात सापडला. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे आगरी वस्ती होती. तिथला दीपेश आधी केबल टीव्ही चालवायचा, आता फायबर टाकायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. घराच्या पडवीत त्याची यंत्रं होती, बॅटऱ्या होत्या. मिताली गेली त्या दिवशी गावात सकाळपासून वीज नव्हती, तरी त्याची लाइन चालू होती.

"पोलावर चढायला मीच जातो," तो म्हणाला. "फोन केला की अर्ध्या तासात. कंपनीवाला येतो का अर्ध्या तासात?"

त्याच आठवड्यात तिचं कनेक्शन पुन्हा मान टाकू लागलं. तिला रडू फुटायचं बाकी होतं. दीपेश म्हणाला, "लॅपटॉप घेऊन या आमच्याकडं. इथं बसा."

ती आठ दिवस त्या पडवीत बसली, मध्ये दोनदा घरी जाऊन बाबांना बघून यायची. लगतच्या खोलीत दीपेशची आई, ठमाबाई, तांदूळ निवडत असायची. पहिल्या दिवशी तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी समोर ठेवली. "खा बाय. पोट रिकामं ठेवून काय दिसतं त्या डब्यात?" आणि मिताली निघाली की अविनाशरावांसाठी मऊ भात आणि माशाचं कालवण डब्यात भरून द्यायची. "काटं काडलंय. म्हाताऱ्याला घाल बिनघोर." आठ दिवसांत मितालीचं कनेक्शन एकदाही तुटलं नाही. नोकरी वाचली.

आठव्या दिवशी तिने दीपेशला विचारलं, "बावीस घरांना लाइन द्याल?"

दीपेशने आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "देऊ. पन एक गोष्ट हाय. वायर येनार ती जुन्या वाटेनं. तुमच्या मागच्या गेटातून. ती वाट आमची हाय, म्याडम. आजा-पणज्यापासून बाया त्या वाटेनं तलावावर कपडे धुवायला जायच्या. आमचा गनपती त्याच वाटेनं पान्यात जायचा. बिल्डरनं भिंत घातली, गेटाला कुलूप लावलं. आता हायवेसारख्या त्या रस्त्यानं लांबचा वळसा घ्यावा लागतो."

"किल्ली नको आमाला," ठमाबाई म्हणाली. "दिवसा उघडं ठेवा. सांजला लावा कुलूप, काय म्हननं नाय."

"वायर ज्या वाटेनं येईल, त्या वाटेनं मानूसबी येईल," दीपेश म्हणाला. "एवडीच अट. तुमी बोलाल त्यांच्याशी?"

"बोलते ना," मिताली म्हणाली. "आणि उघडेल गेट. माझा शब्द."

म्हणताना तिला ते अगदी खरं वाटत होतं.

मीटिंग मे महिन्यातल्या एका रविवारी क्लबहाउसमध्ये झाली. मितालीने तिन्ही पर्यायांचे आकडे मांडले. घराघराचा वेग, शनिवारची घसरण, वीज गेल्यावर काय होतं ते. लोक चकित झाले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग इंद्रजीत म्हणाला, "काम उत्तम केलंयस. पण हा गावातला माणूस. उद्या हे लोक आत-बाहेर करायला लागले तर? एकदा पाय ठेवायला जागा दिली की संपलं." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. वीकेंडला येणारे एक गृहस्थ म्हणाले, "त्यापेक्षा बॉक्स बरा. नाही चाललं तर नाही चाललं, आपण इथं शांततेसाठीच येतो."

मितालीला समोर ताकीदपत्र दिसायला लागलं. खिडकीशी एकटे बसलेले बाबा दिसायला लागले.

"त्याची काही अट वगैरे आहे का?" इंद्रजीतने विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते.

"नाही," मिताली म्हणाली. "अट काही नाही."

ठराव मंजूर झाला.

जूनच्या आधी लाइन टाकून झाली. दीपेशने मागच्या गेटाच्या वरून वायर घेतली, घरोघरी जाऊन जोडली. तो दर वेळी विचारायचा, "गेटाचं काय झालं, ताई?" म्याडमची आता ताई झाली होती. मिताली म्हणायची, "पुढच्या मीटिंगला घेतेय." एकदा म्हणाली, "पाऊस संपू दे." प्रत्येक वेळी ती ठरवायची की आज इंद्रजीतशी बोलायचं, आणि प्रत्येक वेळी तिला ते क्लबहाउसमधलं 'नाही' आठवायचं. आता खरं सांगायचं म्हणजे आधी खोटी ठरायचं. शिवाय लाइन झकास चालली होती. बाबांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा स्क्रीनवर येऊन त्यांचा हात उचलायला लावायचे. कंपनीने तिला चार माणसांच्या वरची जागा दिली. इंद्रजीत भेटेल त्याला सांगायचा, "मितालीचं सिलेक्शन एक नंबर."

दीड दिवसाच्या गणपतीला संध्याकाळी मागच्या भिंतीकडे झांजा ऐकू आल्या. मिताली धावत गेली. गेटापलीकडे तीस-चाळीस माणसं होती. पुढे दीपेश, डोक्यावर पाटावर गणपती. शेजारी ठमाबाई हातात आरतीचं ताट घेऊन. गेटाच्या अलीकडे इंद्रजीत आणि वॉचमन.

"गेट उघडा," दीपेश म्हणाला. "ठरलंय तसं."

"काय ठरलंय? कुणी ठरवलं?"

"ताईंनी शब्द दिलाय. त्या शब्दावर लाइन टाकली मी."

इंद्रजीत वळला. झांजा थांबल्या होत्या. "मिताली, तू असा काही शब्द दिला होतास?"

तिला गेटाच्या गजांतून ठमाबाईचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट धीर होता. आता हिने बोलायचं आणि कुलूप निघायचं, एवढंच राहिलंय असा.

"मी... विचारून बघते म्हटलं होतं," मिताली म्हणाली. "शब्द असा नाही दिला."

ठमाबाईने ताट खाली केलं. "चला रं," ती मागे वळून म्हणाली. "रस्त्यानं चला." आणि ती सगळी माणसं गणपती घेऊन फिरली आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेने निघून गेली.

सोसायटीत सगळ्यांना वाटलं, आता हा रागाने लाइन कापणार. इंद्रजीतने बॉक्सवाल्या कंपनीचा नंबरही काढून ठेवला. पण लाइन चालूच राहिली. चौथ्या दिवशी माकडांनी वायर ओढली तेव्हा फोन केल्यावर अर्ध्या तासात दीपेश आला. वायर जोडून झाल्यावर मिताली त्याच्याजवळ गेली. "दीपेशदादा, मला..."

"स्पीड बघा, म्याडम," तो पकड पिशवीत टाकत म्हणाला. "बरोबर येतोय ना? मंग झालं."

त्या दिवशी ती जेवली नाही. बाबांनी विचारलं तेव्हा तिने पहिल्यांदाच सगळं सांगितलं. अविनाशराव डाव्या हाताने उजवा हात चोळू लागले.

"वाट आहे त्यांची," ते म्हणाले. जीभ अजून थोडी अडखळायची. "घर घेताना बिल्डरने नकाशा दिला होता. मंजूर झालेला. त्यात मागून तलावापर्यंत वाट दाखवलीय, ठळक. मी विचारलं, ही काय? तो म्हणाला, काळजी करू नका, बंद करून टाकू."

"मग?"

"मग काय. मला बरंच वाटलं. म्हटलं, आपल्या खिडकीखालून लोक जाणार नाहीत." मग म्हणाले, "कपाटात आहे तो. निळ्या फाइलमध्ये."

मितालीने दोन दिवस त्या फाइलला हात लावला नाही. मग तिने सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. आपण मीटिंगमध्ये खोटं बोललो, दीपेशने अट घातली होती, मंजूर नकाशात वाट आहे, तेव्हा गेट दिवसा उघडं ठेवावं. अठरा जणांनी वाचलं. कुणी उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांनी इंद्रजीतने तो मेसेज काढून टाकला आणि तिला फोन केला. "इमोशनल होऊ नकोस. घरांच्या किमती पडतील. तुमच्यासुद्धा."

तेव्हा ती नकाशा घेऊन गावात गेली. ठमाबाई पडवीतच होती. तिने 'ये' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. मितालीने कागद दीपेशच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरला, बोटाने वाट शोधली, आईला दाखवली.

"हा कागद कदीपासून होता तुमच्या घरात?" ठमाबाईने विचारलं.

"सहा वर्षं. मला माहीत नव्हतं."

"पन बापाला म्हाईत होतं."



"तहसीलदाराफुडं सांगशील?" दीपेश म्हणाला. तिच्याशी तो पहिल्यांदाच एकेरीत बोलत होता. "तिथं आमचं कोन ऐकतं? तुमच्यातला मानूस बोलला तर ऐकतील."

"सांगीन," ती म्हणाली.

ठमाबाईने तांदळाचं सूप पुढे ओढलं. "बगू," एवढंच म्हणाली.

गावाने पनवेलला तहसीलदारांकडे अर्ज केला, साक्षीदार म्हणून मितालीचं नाव घातलं. नोटीस सोसायटीत पोचली त्याच आठवड्यात तातडीची मीटिंग बोलावली गेली. सोसायटीविरुद्ध दावा लावणाऱ्या माणसाची सेवा घेणं योग्य नाही, असा ठराव एकमताने झाला. मितालीने ठरावाच्या बाजूने हात वर केला नव्हता, पण ते कुणी मोजलंही नाही. सोमवारी वॉचमनने शिडी लावून दीपेशच्या वायरी काढल्या. दीपेशने जी लाइन रागातही तोडली नव्हती, ती इंद्रजीतने दुपारी अर्ध्या तासात तोडली. घरोघरी बिनतारी बॉक्स आले.

बॉक्स जसा चालायचा तसाच चालला. मितालीच्या स्क्रीनवरून पहिल्याच शनिवारी सगळं गायब झालं. बुधवारी कंपनीचं तिसरं पत्र आलं. ती आता रोज सकाळी सातला घर सोडते. बाबांसाठी नेऱ्याहून एक बाई येते. ती वेळेवर औषध देते, पण त्यांच्याशी बोलत नाही. डॉक्टर स्क्रीनवर आले की मध्येच गोठतात. बाबा हात उचलायचे, ते आता त्यांनी सोडून दिलंय. मितालीने एकदा गावात जाऊन फक्त आपल्या घरापुरती लाइन मागायचं मनात आणलं. पण कुठल्या तोंडाने मागणार?

तहसील कचेरीत तिची साक्ष सुनावणीच्या तिसऱ्या तारखेला झाली. शब्द दिला होता, मीटिंगमध्ये लपवला, गेटावर नाकारला, हे सगळं तिने इंद्रजीतच्या समोर सांगितलं. सोसायटीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे तुम्ही सोयीप्रमाणे दोनदा खोटं बोललात. आज कशावरून खरं बोलताय?" मग त्याने कागदपत्रं दाखल करायला मुदत मागितली. पुढची तारीख पडली, दीड महिन्याने.

बाहेर आल्यावर दीपेश म्हणाला, "बोललीस, बरं झालं," आणि मोटारसायकल काढून निघून गेला. एसटी स्टँडजवळ नेऱ्याकडे जाणारी शेअर रिक्षा भरत आली होती. मागच्या सीटवर गावातली एक बाई आणि कडेला ठमाबाई, मध्ये एकाची जागा. मिताली जवळ जाऊन उभी राहिली. रिक्षावाला म्हणाला, "बसा ताई, एक सीट हाय."

ठमाबाईने मितालीकडे पाहिलं. मग मांडीवरची भाजीची पिशवी उचलून तिने त्या मधल्या जागेवर ठेवली, आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चल. या रिकाम्या सीटचंबी भाडं मी देते."