गडग्यात रचलेली माणसं

तुम्ही कबरींवरचे दगड उपटलेत. झाडं तोडायची म्हणून रानात यंत्रं घातलीत, मेलेल्यांच्या उशाचे दगड गाडीत भरलेत, त्यांचा गडगा रचलात आणि वर पाटी ठोकलीत: 'इथे शूर लढले.' पाटीखाली कुणाचं नाव नाही, नुसता काउंटीचा शिक्का. शिक्क्याला तोंड नसतं, तुमचं तेवढंच फावतं. पण ज्या बाईकडून तुम्ही त्या गडग्याचं कौतुक पाहुण्यांना सांगवून घेतलंत, तिला तोंड होतं. ही तिची गोष्ट.

ओरलीना टिब्ज ही अमेरिकेतल्या टॉलिव्हर काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, गाईड. आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर परीक्षा देऊन बिल्ला मिळवला. टॉलिव्हरमध्ये तिच्याआधी कुणा काळ्या माणसाच्या छातीवर तो बिल्ला लागला नव्हता. सुरुवातीला पाहुणे व्हॅनपाशी तिलाच विचारायचे, "गाईड कधी येणार?" ती म्हणायची, "आली. दार ओढून घ्या, नीट लागत नाही."

अख्खी काउंटी उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धावर जगते. व्हर्जिनियाच्या या उतारांवर गाई जास्त आणि माणसं कमी, पण पाटी नाही असं वळण सापडायचं नाही. त्यातली मोठी लढाई हार्लन्स फोर्डची. गुलामी टिकवायला लढणारी दक्षिणेची पलटण एका दगडी गडग्याआड दबा धरून बसली आणि उत्तरेची पोरं उतारावर गवतासारखी कापली गेली. तो खरा गडगा केव्हाच शेतकऱ्यांनी घरांच्या पायात घातला होता, नावाला एक तुकडा उरला होता. मग गेल्या हिवाळ्यात काउंटीने ठरवलं, की लढाईच्या दिवशी माळ जसा दिसत होता तसाच दिसला पाहिजे. इथल्या लोकांना हे वेडच आहे. एका दिवसाच्या देखाव्यासाठी त्यांनी टेकडीवरचं जुनं रान साफ केलं आणि गडगा पुन्हा उभा केला.

वसंतातली पहिली टूर. पाहुणे गडग्याला टेकून उभे होते. ओरलीना नेहमीचं बोलत होती, पलटण कुठून आली, तोफा कुठे होत्या. बोलता बोलता तिची नजर दगडांवर गेली आणि जीभ अडखळली.

दगड अर्धे लाल होते.

जुन्या गडग्याचा दगड चहूबाजूंनी राखाडी असतो, दगडफुलाने माखलेला. हे तसे नव्हते. अर्ध्या अंगाला दगडफूल आणि अर्ध्याला इथली लाल चिकणमाती, मधोमध सरळ रेघ. पायात लाल मोजा चढवावा तसा एकेक दगड. वर्षानुवर्षं जमिनीत अर्धा रोवून उभा राहिलेला दगडच असा दिसतो. आणि त्यांच्या मधल्या फटींत, बसवायला सोयीच्या म्हणून, कोंबलेल्या पांढऱ्या गारगोट्या. तिच्या माउंट नेबो चर्चच्या लोकांत नाव ठेवायच्या आधी गेलेल्या बाळाच्या उशाला गारगोटी लावतात. टॉलिव्हरमध्ये दुसरं कुणी असं करत नाही.

"मॅडम, मग? गोळीबार सुरू झाला का?" एका पाहुण्याने विचारलं.

"झाला," ओरलीना म्हणाली. "व्हॅनमध्ये बसा."

पाहुण्यांना सोडून ती थेट टेकडीवर गेली. तिथे तिची माणसं होती. आधी गुलामीत मेलेली, मग गुलामी सुटल्यावर त्याच मातीत राबून मेलेली. जमीन कधीच हातची गेली होती, पण तिथे पुरायचा आणि जायचा-यायचा हक्क घराण्याने सोडला नव्हता. दगडांवर अक्षर नव्हतं. लिहायला शिकू दिलं नव्हतं तेव्हा अक्षर येणार कुठून? म्हणून रीत अशी होती, की ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी जायचं, कबरींवरची वेल सारखी करायची आणि प्रत्येक दगडावर हात ठेवून मोठ्याने सांगायचं: ही सीली, हा तिचा नवरा बर्ल, हा घोड्यावरून पडला तो. लहानपणी ओरलीनाही अशीच दगडादगडाने नावं शिकली होती. यंदा शिशिरापासून वाट बंद होती. 'काम चालू आहे.'

काम छान झालं होतं. जमिनीत जिथे जिथे माणसाच्या लांबीचे खोलगट भाग होते, ते बुजवून यंत्राने सपाट केले होते. वर गवताचं बी टाकून पेंढा पसरला होता. निळ्या फुलांची ती बारमाही वेल, जी माणसं मुद्दाम कबरींवर लावतात, मुळासकट ओढून एका कडेला ढीग केला होता. ढिगातली काही फुलं अजून उघडी होती.

टूरच्या कचेरीचा साहेब प्रेस्कॉट हेल. वयाने तिच्या मुलासारखा, बोलायला मऊ.

"मिस ओरलीना, ठेकेदाराला वाटलं, जुन्या गडग्याचेच सांडलेले दगड आहेत. रांगेत होते ना."

"रांगेत होते, कारण माणसं रांगेत पुरली होती."

हेलचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगा, खरंच उतरला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. मग खुर्चीत सरळ झाला. "पण गडग्याच्या उद्घाटनाचा समारंभ जवळ आलाय. राजधानीतून माणसं येणार. मी काउंटीच्या मंडळाला कळवतो. तोवर टूरवर ठरलेलं तेवढंच बोला, एवढी विनंती."

"मंडळ उत्तर कधी देईल?"

"मंडळ विचार करेल."

"मी ते नाही विचारलं, बाळा."

घरी तिची व्हर्डीआत्या स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. नव्वदी ओलांडली तरी तिच्या हाताला आणि तोंडाला विश्रांती नव्हती. ओरलीनाने सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि फिस्सकन हसली.

"म्हणजे आता मला पुरणार कुठे? गडग्यात एखादी फट बघून ठेव. उंच नको, वारा लागेल."

"आत्या!"

"काय आत्या? माणसं पुरली रानात, उभी केली लढाईवर. आणि तीही त्यांच्याच बाजूने! माझी आई त्या लोकांच्या बाजूने लढतेय, ऐकलंस? तिने हे ऐकलं असतं तर उठून एकेकाचे कान उपटले असते." आत्याचं हसू विरलं. हातातली शेंग तशीच राहिली. "तिच्या डाव्या अंगाला माझी जागा आहे, ओरलीना. तिला मूठमाती देताना मी तिला सांगितलंय, येते म्हणून. आता डावं कुठलं आणि उजवं कुठलं? तू मला आई शोधून दे."

"बोलले तर बिल्ला जाईल."

"जाऊ दे. कोट हलका होईल."

शनिवारी ओरलीनाने पाहुण्यांना गडग्यापाशी उभं केलं आणि ठरलेलं काही बोललीच नाही. लाल रेघ दाखवली. गारगोट्या दाखवल्या. त्या कुणाच्या, तेही सांगितलं. गडग्यावर बसून सफरचंद खाणारी एक बाई हळूच खाली उतरली. अर्धं खाल्लेलं सफरचंद कुठे ठेवावं ते तिला कळेना.

सदऱ्यावर खापरपणजोबांचा फोटो छापून आलेला एक गडी मात्र लालबुंद झाला. "माझा माणूस या गडग्यामागे लढलाय!"

"लढला असेल. या दगडांमागे नाही. यातले काही दगड तेव्हा माझ्या माणसांच्या उशाशी होते. आणि बाकीच्या दगडांची माणसं अजून मेलीच नव्हती."

"मी इथे राजकारण ऐकायला आलेलो नाही."

"आणि मी माझ्या माणसांना टेकून फोटो काढू द्यायला आलेली नाही. हात काढा."

त्याने हात काढला. मग खिशात घातला.

सोमवारी हेल स्वतः बिल्ला न्यायला घरी आला. पायरीवरच उभा राहिला.

"त्या खापरपणतवाने तक्रार केली वाटतं?" ओरलीनाने विचारलं.

"नाही. त्याने काहीच केलं नाही, मिस ओरलीना. तक्रार मंडळातून आली."

तिने बिल्ला काढून त्याच्या हातात ठेवला. "आता मी गाईड नाही. म्हणजे ठरलेलं बोलायचं बंधनही नाही. मंडळाला तेवढं कळव."

मंडळाच्या बैठकीत कुणाही नागरिकाला बोलता येतं. हिरवा दिवा लागला की बोला, लाल लागला की बसा. पण मंडळ त्यावर उत्तर देत नाही, हा नियम आहे. ऐकायचं, आभार मानायचे, पुढचं नाव पुकारायचं. लोक तावातावाने बोलून घरी जातात आणि त्यांना वाटतं, आपण बोललो. ओरलीनाने ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून रविवारी प्रार्थना संपल्यावर तिने चर्चमध्ये सगळ्यांना थांबवलं.

"भाषण कुणी करायचं नाही. माइकपाशी जायचं, एकच प्रश्न विचारायचा आणि लाल दिवा लागेपर्यंत गप्प उभं राहायचं."

"एकच प्रश्न? आणि नंतर गप्प?" चर्चचे कारभारी डीकन क्वार्ल्स हबकले. "सिस्टर टिब्ज, मला जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा इतक्यात आटपत नाही."

"बायकोला विचारा, तिला ठाऊक आहे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं चर्च हसलं. मग सगळ्यांनी मान डोलावली.

बैठकीत ओरलीना पहिली उठली. "व्हर्डी टिब्जची आई कुठे आहे?" एवढंच म्हणाली आणि अध्यक्षांकडे बघत उभी राहिली. दालनात कागद सरकल्याचा आवाज येत होता. लाल दिवा लागला. "धन्यवाद. पुढचं नाव."

डीकन उठले. तोच प्रश्न. ओठ घट्ट मिटून उभे राहिले, कपाळाला घाम फुटला, पण शब्द काढला नाही. लाल दिवा. मग त्यांची बायको. मग शिलाई करणारी इओला. मग एक एक करून सगळा माउंट नेबो. पहिल्या दोघा-तिघांच्या वेळी मंडळातल्या एकाने जांभई दिली. पुढे ती थांबली. एकजण चष्मा पुसत बसला, पुसून झालेला चष्माच पुन्हा पुसत बसला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर हेल जमिनीकडे बघत होता.

"नागरिकहो," अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "मंडळ या वेळी उत्तर देत नाही, हे आपल्याला माहीत आहे."

"माहीत आहे," ओरलीना जागेवरून म्हणाली. "पुढचं नाव घ्या."

पुढचं नाव व्हर्डी टिब्जचं होतं. आत्या चालायच्या चौकटीवर भार देत माइकपाशी गेली. ओरलीनाने माइक खाली ओढून दिला. हिरवा दिवा लागला. आत्या काहीच बोलली नाही, एकेका चेहऱ्याकडे नीट बघत राहिली, जणू पुढे ओळख पटवायची आहे. लाल दिवा लागला.

"मॅडम, आपली वेळ संपली. कृपया बसा."

"बसणार नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही तिच्या उशाचा दगड घेतलात, माती सारखी केलीत. मला तिच्याशेजारी जायचंय आणि फार दिवस थांबायला माझ्याकडे नाहीत. तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा. माझी आई कुठे आहे? मी उभी आहे. सांगा."