दोनशे तेराव्या पानापुढे

मी निकालांचा एकतिसावा खंड बोलतोय. मान ताठ ठेवून बोलतोय, कारण विद्यापीठाच्या या कायदा ग्रंथालयात माझ्याइतका नावाजलेला दुसरा कुणी नाही. अख्ख्या पोर्तुगालात भाडेपट्ट्यावर दोन ओळी खरडणारा प्रत्येक विद्वान तळटीपेत माझं नाव घालतो. उघडत मात्र कुणीच नाही.

माझा जन्म नदीकाठच्या छापखान्यात झाला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मोठाले कागद छापले, घड्या घातल्या, शिवले आणि मला बाहेर पाठवलं. घड्यांच्या कडा कापल्याच नाहीत. ते काम वाचणाऱ्याचं. त्यानं सुरी घ्यावी, कड कापावी, मग आतलं वाचावं. माझ्या शेजारच्या तिसाव्या खंडाला तर आजवर सुरी लागलेली नाही, आणि त्याच्यावर तीन जणांनी डॉक्टरेट मिळवली आहे!

मला पहिल्यांदा हाती घेतलं ते बेल्मिरो क्वारेझ्मा या विद्यार्थ्यानं. प्रबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, गडी घाईत होता. माझ्या दोनशे तेराव्या पानाच्या तळाशी ठणकावून लिहिलं होतं, 'नवऱ्याबरोबर भाडेपट्टाही मरतो. विधवेनं घर सोडावं.' पठ्ठ्यानं तेवढं उतरवून घेतलं. पुढची दोन पानं एकमेकांना जोडलेली होती. सुरी कोण शोधत बसणार? त्यानं पान उलटलं, तर एकदम दोनशे सोळावर एका शेळीचा खटला सुरू. त्याचंही त्याला नवल वाटलं नाही.

अहो, ते वाक्य घरमालकाच्या वकिलाचं होतं! कोर्टानं काय ठरवलं ते आत, बंद पानांत.

त्या एका वाक्यावर बेल्मिरो प्राध्यापक झाला. त्याच्या पुस्तकातून ते इतरांनी उचललं, इतरांकडून न्यायाधीशांनी. फळीवर बसल्या बसल्या मी इतक्या विधवांना रस्त्यावर आणलं, की त्यांच्या रडण्यानं इथल्या नदीला दोनदा पूर आला. खोटं वाटतं? पुलाच्या खांबावर पाण्याची खूण आहे, बघून या. आणि हे सगळं तोंड न उघडता, बरं का!

मग आली देओलिंदा. क्वारेझ्मासरांच्याच हाताखाली प्रबंध लिहीत होती. जानेवारीत तिचे वडील गेले. महिना व्हायच्या आत घरमालक सांपायोनं तिच्या आईला घर खाली करायची नोटीस धाडली. आधार अर्थातच माझा. सोमवारी सुनावणी. पोरगी मूळ निकाल वाचायला आली. इतक्या वर्षांत पहिलीच! जोडलेली पानं पाहून थबकली, पिशवीतून पाव कापायची सुरी काढली आणि सर्रकन कड कापली. मला गुदगुल्या झाल्या.

'घरमालकाचं म्हणणं पूर्णपणे फेटाळण्यात येत आहे. विधवेचा घरावरचा हक्क कायम.'

ती मोठ्यानं हसली, मला छातीशी धरून थेट सरांच्या खोलीत शिरली.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. कान लाल झाले.

"कुणी कापलं हे?"

"मी, सर. वाचायला."

"वाचायला! चाळीस वर्षांत कुणाला गरज पडली नाही, तुलाच भारी हौस. आणखी कुणाला दाखवलंस?"

"अजून नाही. सोमवारी कोर्टात दाखवणार."

"दाखव की. आणि तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण कशावर उभं आहे तेही सांग. परीक्षक सगळे माझेच चेले. त्यांचं नाक कापून त्यांच्याकडूनच पदवी घेणार होय गं?"

मग सरांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला.

"सांपायो दर गुरुवारी माझ्याकडे पत्ते कुटायला येतो. एक फोन केला की नोटीस मागे. आई तुझी मरेपर्यंत त्याच घरात राहील. प्रबंधही पार पडेल."

"आणि बाकीच्या बायका, सर?"

"त्या तुझ्या कोण लागतात?"

मी श्वास रोखून होतो. आता ही म्हाताऱ्याच्या टाळक्यात मला हाणते की काय! देओलिंदानं खाली बघत विचारलं,

"फोन आत्ताच करता का?"

फोन झाला. सरांनी खळीची वाटी पुढे सरकवली. तिनंच बोटानं कडेला खळ लावली, पानं जुळवली, वरून तळहात दाबून धरला. काम नेटकं होतं, नाव ठेवायला जागा नाही.

देओलिंदाबाई आता स्वतः प्राध्यापक आहेत. आई आपल्याच खाटेवर सुखानं गेली. बाई दोनशे तेरावं पान वर्गात खणखणीत आवाजात शिकवतात. सुट्टी लागली की माझ्यापाशी येतात, अंगठ्यानं कड चाचपतात आणि जातात. मागच्या आठवड्यात काळ्या कपड्यातल्या एका बाईनं त्यांना इथंच गाठलं, माझ्यासमोर.

"बाई, नवरा गेला हो माझा. घर सोडा म्हणतायत. एवढ्या पुस्तकांत आमच्यासाठी कुठंच काही लिहिलेलं नाही का?"

"असतं तर मी सांगितलं नसतं का?" देओलिंदाबाई म्हणाल्या, आणि तिला हाताला धरून जिन्यापर्यंत सोडून आल्या.

हल्ली माझ्या खळीला कसर लागली आहे. ती खळ खाते, मधूनच अक्षरंही खाते. मला उघडणारं आता तेवढंच कुणी उरलंय. तुमच्या पिशवीत सुरी असेल तर या, पण जरा लवकर या. काल तिनं 'फेटाळण्यात' संपवलं. आज विधवेपाशी पोचली आहे.