आजाराचं नाव काढायचं नाही

चिमणी यातून उठणार नाही. हे मला उन्हाळ्यातच कळायला हवं होतं, कारण तेव्हा सात दिवस ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर होती. बायकांच्या वॉर्डात तेवीस वर्षं काढलेली नर्स आहे मी. पेशंट दारातून आत कशी येते, यावरून मी तिचं अर्धं दुखणं सांगते. पोटाला हात लावला की उरलेलं अर्धं. नवे डॉक्टर आधी मला गाठतात आणि मग पेशंटकडे जातात. अशी मी, आणि मी तिच्या शेजारी बसून दाणे खात होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आम्ही तिघी एकाच वर्षी या हॉस्पिटलात लागलो. चिमणी मुलांच्या वॉर्डात. अंगापिंडाने एवढीशी, म्हणून चिमणी. तिसरी रेडिओ, ती ऑपरेशन थिएटरात. तिथे तोंडाला मास्क बांधून गप्प उभं राहावं लागतं, त्याची भरपाई ती बाहेर आल्यावर करते. माझं नाव फौजदार. ते का पडलं हे कुणी विचारत नाही.

दर उन्हाळ्यात आम्ही मेट्रनबाईंच्या हातापाया पडून सात दिवसांची रजा एकत्र घेतो आणि आपलंच शहर बघत फिरतो. लांब जायला घरचे सोडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी आपल्याच अंथरुणावर पाठ टेकायला आम्हालाही बरं वाटतं. या आठवड्याचा कायदा एकच, अर्थात मी केलेला: आजाराचं नाव काढायचं नाही. वर्षभर दुसरं करतो काय? सासूचे गुडघे, शेजारणीची शुगर, स्वतःची कंबर, काही म्हणजे काही नाही. जी बोलेल तिने दिवसभर तिघींच्या पिशव्या उचलायच्या.

सोमवारी तळ्यावर गेलो. पायाने चालवायची होडी घेतली. रेडिओ बोलण्याच्या नादात पाय मारायचं विसरली आणि आम्ही एकाच जागी गोल गोल फिरत राहिलो. काठावरचा होडीवाला शिट्ट्या मारून दमला. चिमणी पोट धरून वाकली. हसून हसून वाकली, असं मी समजले.

मंगळवारी प्राणी बघायला. अस्वल आमच्याकडे पाठ करून झोपलं होतं. "उठवू नका गं," रेडिओ म्हणाली, "नाइट ड्युटी करून आलंय बिचारं." दुपारी झाडाखाली बसलो. चिमणीने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि उरलेला माझ्यापुढे सरकवला. मी तो चाटूनपुसून संपवला. तिचं घड्याळ मनगटावरून पार कोपरापर्यंत घसरत होतं. पट्ट्याला घरीच सुई तापवून नवं भोक पाडलेलं होतं. मी ते भोक पाहिलं, अगदी नीट पाहिलं.

"बारीक झालीस गं," मी म्हटलं. "काय खातेस ते आम्हालाही सांग."

"काही खात नाही," ती म्हणाली.

यावर मी आणि रेडिओ खो खो हसलो.

बुधवारी घड्याळाच्या मनोऱ्यावर जायचं ठरलं होतं. दोनशे बारा पायऱ्या. खाली रांगेत उभ्या असताना चिमणीने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "फौजदार, ऐक ना. गेले दोन महिने मला इथे जरा..." तिचा दुसरा हात पोटाकडे गेला होता. मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"बोलली! दंड!" मी ओरडले. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. रेडिओने टाळ्या पिटल्या. मी माझी पिशवी काढून चिमणीच्या खांद्याला अडकवली, रेडिओने तिची दुसऱ्या खांद्याला. दोन्हींत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या होत्या. चिमणी क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हसली आणि चढायला लागली.

ती तीनदा बसली. तिसऱ्या वेळी मी वरून हाक मारली, "चल गं म्हातारे, घड्याळ बंद पडेल तोवर!" वरून शहर फार सुंदर दिसत होतं, हेही सांगायला हवं. आम्ही फोटो काढला. त्यात चिमणीचा एक हात पोटावर आहे. तो फोटो मी आता रोज बघते.

पुढचे चार दिवस झकास गेले. संग्रहालय, सिनेमा, नदीवरची नाव, शेवटी मोठी बाग. चिमणीने पुन्हा तोंडातून शब्द काढला नाही. निरोप घेताना मी तिला शाबासकी दिली, की एका दंडात शहाणी झालीस.

तीन महिन्यांनी ती ड्युटीवरच कोसळली. माझ्याच वॉर्डात आणली. मग रक्त, एक्स-रे, सगळ्या तपासण्या. वरातीमागून घोडं. पोट उघडलं आणि काहीही न काढता शिवून टाकलं. टेबलापाशी हत्यारं द्यायला रेडिओ उभी होती. बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि तासभर एक अक्षर बोलली नाही. तेवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

काल दुपारी वॉर्ड शांत असताना मी चिमणीपाशी बसले. "मला शिव्या घाल," मी म्हटलं.

"कशाला?"

"मनोऱ्याखाली तू सांगत होतीस."

"सांगत नव्हते. हात लावून बघ म्हणणार होते. डॉक्टरकडे जायची भीती वाटायची."

"मग नंतर का नाही गेलीस? तीन महिने, चिमणे!"

"तू होतीस ना सात दिवस," ती म्हणाली. "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. मला वाटलं, फौजदार आठवडाभर बघतेय आणि काही म्हणत नाही, म्हणजे काही नसेलच. अगदी निर्धास्त होऊन घरी गेले."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसला असता. हे कसं सोसायचं ते मला माहीत नाही.

थोड्या वेळाने तिने माझा हात धरला. "आता खरं सांग. किती दिवस आहेत? पोरीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. तेवढे निघतील का?"

तिची फाइल माझ्या मांडीवर होती. निघणार नव्हते. या वेळी ती सरळ विचारत होती, अडवणारा कायदा नव्हता, आणि मला उत्तर ठाऊक होतं. मी उठले, मोकळ्या हाताने तिची चादर नीट केली आणि म्हणाले, "डॉक्टर राउंडला येतील ना, त्यांनाच विचारू."

हे वाक्य आम्ही सगळ्या नर्स रोज वापरतो. उत्तर वाईट असतं तेव्हाच वापरतो. मुलांच्या वॉर्डात चिमणीने ते कितीतरी पोरांच्या आयांना ऐकवलं असेल.

तिने माझा हात सोडला.

"बरं, सिस्टर," ती म्हणाली.