दर रविवारी पुसलेलं ग्रीस

मी एक जुना टॉवेल आहे. खरं म्हणजे अर्धाच. माझा दुसरा अर्धा स्वयंपाकघरात ओटा पुसतो आणि स्वतःला फार शहाणा समजतो. मी गॅरेजच्या दारामागे खिळ्याला लटकलेला असतो. मित्रांनो, माझ्या अंगाला ग्रीसचा वास येतो. पण मला लाज वाटते ती त्या वासाची नव्हे.

गिरणीतून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, कडेला दोन निळ्या रेघा. या घरची लेक पोहायला शिकली ती माझ्या भरवशावर. ती पाण्यातून कुडकुडत बाहेर आली की मी तिला गुंडाळून घ्यायचो. "माझ्या टॉवेलला कुणी हात लावायचा नाही," असं ती घरभर बजावून ठेवायची. तेवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही. ती मोठी झाली, मी विरलो, आणि एके दिवशी आईनं मला मधोमध टर्रकन फाडलं.

अशा रीतीनं मी बाबांच्या हाती आलो. बाबांनी कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ चालवला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मोडकी लाल स्पोर्ट्स कार आणली, दोनच सीटची. नोकरीला सुट्टी असायची म्हणून लेक दर रविवारी यायची आणि दोघं मिळून ती गाडी दुरुस्त करायची. कारखान्यातला एक नियम बाबांनी घरीही लावला होता. ज्यानं काम केलं त्यानं ते पास करायचं नाही. म्हणून काम बाबा करायचे आणि तपासायची लेक. टॉर्च घेऊन ती गाडीखाली शिरायची, बोट फिरवायची आणि मगच वहीत बरोबरची खूण करायची.

पुढच्या चाकाला इंजिनाची ताकद पोहोचवणारा एक सांधा असतो. त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. त्याच्या आत ग्रीस भरलेलं असतं आणि वरून घड्याघड्यांचं रबरी आवरण असतं. ते आवरण पट्टीनं घट्ट आवळावं लागतं. डाव्या चाकाची पट्टी आवळताना बाबांचा हात थरथरला. पक्कड दोनदा सुटली. तिसऱ्यांदा पट्टी कशीबशी बसली, आणि बाबा उगाचच माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं की."

झालं नव्हतं. गल्लीत एक चक्कर मारून आले तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडालेले होते. लेक यायला अर्धा तास होता. बाबांनी मला खिळ्यावरून काढलं.

मी पुसलं. चाक पुसलं, आवरण पुसलं, कडेची घडीसुद्धा सोडली नाही. मग बाबांनी मला रॉकेलमध्ये बुचकळलं आणि मीही निर्लज्जासारखा स्वच्छ झालो. लेकीनं टॉर्च मारला, बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं. तिनं खूण केली. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. बाबांची आणि माझी आळीमिळी गुपचिळी. ज्या हातांनी आयुष्यभर केसाइतकाही फरक पडू दिला नाही, ते हात आता थरथरतात, हे त्यांना लेकीसमोर कबूल करायचं नव्हतं. मला ते कळत होतं, आणि म्हणूनच मी जास्त नेटानं पुसत होतो.

लेकीची डोंगरापलीकडच्या गावी बदली झाली. "बाबा, गाडी मीच घेऊन जाते. डोंगर चढेल ना?"

"बिनधास्त जा," बाबा म्हणाले.

ती निघाली त्या सकाळीही आम्ही चाक पुसलं, पण मला धुवायला वेळ मिळाला नाही. काळाकुट्ट होऊन मी दारामागे लटकलो आणि गाडीचा आवाज लांब जाताना ऐकत राहिलो.

ग्रीस संपलेला सांधा चढावर तुटला. गाडी मागे घसरली, ब्रेक लागेपर्यंत एक चाक चरात गेलं आणि गाडी दगडी कठड्यावर आपटली. लेकीच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून ती घरी आली, आणि गॅरेजमधल्या स्टुलावर बसून एकच गोष्ट सांगत राहिली.

"वळणावर कटकट आवाज येत होता. मला वाटलं, खडे उडताहेत. चूक माझीच आहे बाबा. तपासलं मी, वहीत खूणही माझीच."

बाबा हत्यारं जागेवर लावत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. आई म्हणाली, "अहो, पोर स्वतःला दोष देतेय, काहीतरी बोला." तिसऱ्या दिवशी बाबांनी मला खिळ्यावरून काढलं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"हे डाव्या चाकाचं ग्रीस. तू यायच्या आधी मी दर रविवारी पुसत होतो. पट्टी मला आवळता येत नव्हती."

लेकीनं मला उलगडलं. काळ्या डागांतून एक निळी रेघ तिला दिसली. "हा माझा पोहायचा टॉवेल," ती म्हणाली. मित्रांनो, त्या क्षणी मी पार विरून गेलो असतो तर बरं झालं असतं.

तिनं डागावरून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "नुसतं सांगायचं होतंस, बाबा. पक्कड मी धरली असती." तिनं वही मागितली आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या रेघेनं, ती खूण खोडली.

टॉवेलला तोंड नसतं, ही माझी सबब मलाच पटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुठे काही गळत असेल तर हातात फडकं घेण्याआधी कुणालातरी हाक मारा. पुसलेली जागा नीट असतेच असं नाही.

लेकीचा खांदा अजून पुरता वर जात नाही. तरी रविवारी ती बसनं येते, आणि ओढून आणलेली ती लाल गाडी दोघं पुन्हा दुरुस्त करतात. बाबा पट्टी धरतात आणि पक्कड ती दाबते. पण गाडीखाली शिरण्याआधी ती आता दारामागे येते, मला उलगडते आणि दोन्ही बाजूंनी बघते.