पाव चाक पुढे, पाव चाक मागे

दर सोमवारी सकाळचा चहा झाला की आम्ही दोघं गाडी ढकलायचो. चालवायचो नाही, ढकलायचो. एका सोमवारी पाव चाक पुढे, पुढच्या सोमवारी पाव चाक मागे. एकाच जागी उभी राहिली की टायर खालून चपटे होतात, म्हणून हा उद्योग. आणि पुढे नेलेली मागे का आणायची, तर मीटरवरचा आकडा होता तिथे परत यायला हवा. तो सरकला तर आमच्या ह्यांच्या जिवाला घोर. माझे गुडघे सरकले तरी चालतील.

हे कारखान्यात लेथवर होते. एका बंद पडलेल्या शेडमधून त्यांनी ही गाडी आणली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. जो भाग मिळेना तो ह्यांनी स्वतः कातून बनवला. उमेदीची सगळी वर्षं त्या गाडीखाली उताणे पडून काढली. मी भाजी आणायची, लेकीला शाळेत सोडायचं, विजेचं बिल भरायचं आणि नवऱ्याचे फक्त दोन पाय बघायचे. गाडी तयार झाली आणि कुणीतरी सांगितलं की अशा गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात. झालं! तेव्हापासून ती फाटकाबाहेर गेली नव्हती. आमच्या पोचे पडलेल्या छोट्या गाडीतून मी सगळ्यांना हिंडवायचे, आणि ही महाराणी गॅरेजात मऊ चादर पांघरून बसायची.

"एकदा तरी चक्कर मारू या," मी म्हणायचे.

"आणि ओरखडा पडला तर?"

"पडू दे. मला काय कमी पडलेत?"

"तुझी गोष्ट वेगळी."

ऐका! आणि हे माणूस हसत नव्हतं बरं का, मनापासून बोलत होतं.

रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी यायची. चादर काढायची, हात पाठीमागे बांधून भोवती फिरायचं, माझा चहा ढोसायचा. त्यांचे अध्यक्ष टकलावरून हात फिरवत मला समजवायचे, "वहिनी, ही चालवायची वस्तू नव्हे. ही पुढच्या पिढ्यांसाठी." पुढची पिढी म्हणजे आमची लेक. ती फोनवर विचारायची, "आई, ते धूड अजून आहे का?"

मग ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात, गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी औषधाने टिकवायची. ह्यांनी थेंबांची बाटली खिशात टाकली. जिना उतरताना मला म्हणाले, "पॉलिश संपत आलंय, आठवण कर."

गाडीचं मला मेलं काही नव्हतं. पण ह्या माणसाने अख्खं आयुष्य त्यात घातलं, आणि नजर आहे तोवर त्या स्टिअरिंगमागे बसून एकदाही रस्ता बघायचा नाही? हे मला सहन होईना. रोज त्यांच्या मागे लागले. आज नको, ढग आलेत. आज नको, धूळ उडतेय. आज कोपऱ्यावर रस्ता खोदलाय. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हटलं तरी ढिम्म हलले नाहीत. शेवटी मीच थकले. एका सोमवारी चहाचा कप आदळला आणि सांगितलं, "तुम्ही आणि तुमची महाराणी. मी नाही यायची ढकलायला."

हे बराच वेळ गॅरेजच्या दारात उभे राहिले. मग चावी घेऊन आले. "चल, बस," म्हणाले.

मी ओट्यावरचं फडकं हातात तसंच घेऊन जाऊन बसले, विचार बदलायला नको म्हणून! इंजिन लगेच सुरू झालं. ब्रेक, तेल, पेट्रोल, सगळं टापटीप ठेवलेलं होतं. गाडी फाटकाबाहेर आली आणि थांबली.

"पुढे काय आहे गं?"

"काय असणार? रस्ता आहे."

"आडवं कुणी नाही ना?"

स्वच्छ ऊन पडलं होतं. समोरचा रस्ता पार चौकापर्यंत मोकळा होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून हे समोर बघत होते.

"अहो, किती दिसतं तुम्हाला?"

"बॉनेट दिसतं. त्याच्या पुढचं... नाही सांगता येत."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

ढग, धूळ, खोदलेला रस्ता. आणि मी बया त्यांना अंगण वाकडं म्हणत होते.

"का नाही सांगितलंत?"

"सांगून काय, रडली असतीस." मग म्हणाले, "मला वाटायचं, चालवली तर झिजेल. बघून थोडीच झिजते? म्हातारपणी बसून बघत राहीन, असं ठरवलं होतं गं."

हे खाली उतरले, बॉनेटवर हात टेकत टेकत माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं. "सरक तिकडे. तू घे."

घेतली. क्लच जड, स्टिअरिंग त्याहून जड, आणि खालून सारखी ठकठक.

"कसला आवाज?" ह्यांनी विचारलं.

"टायर चपटे झालेत. पाव पुढे, पाव मागे करत आपण तिला आलटून पालटून त्याच दोन जागांवर टेकवत होतो."

हे खो खो हसले. "म्हणजे जपून जपून वाट लावली आपण."

"आपण नाही, तुम्ही."

बस-स्टॉपपाशी आलो. तिथली माणसं बोलायची थांबली आणि वळून बघायला लागली. एक बाई तर पिशवी खाली ठेवून उभी राहिली.

"लोक बघतायत का गं?"

"बघतायत. सगळे बघतायत."

ह्यांनी कॉलर नीट केली, आपल्या बाजूची काच खाली केली आणि बाहेर हात काढून हलवायला लागले. बस-स्टॉप माझ्या बाजूला, रस्त्यापलीकडे होता. त्यांच्या बाजूला नुसती भिंत होती.

मी चौकातून गाडी वळवली आणि हळूहळू परत आणली, माणसं त्यांच्या बाजूला यावीत म्हणून.